दातओठ न खाता घाट चढताना

वाईहून पाचगणीकडे निघालं की पसरणी घाट लागतो. इथे सायकलस्वारांचे दोन प्रकार लगेच ओळखू येतात. एकाचे खांदे कानांपर्यंत चढलेले, कोपरं ताठ, मुठी आवळलेल्या. दुसऱ्यालाही धाप लागलेली असते, पण त्याचे हात हँडलवर नुसते टेकलेले असतात. दोघांचे पाय सारखेच तगडे असले, तर माथ्यावर जास्त दम शिल्लक असतो तो या दुसऱ्याकडे.

पायांचा कस लागला की मेंदू आजूबाजूच्या स्नायूंनाही कामाला जुंपतो. बरणीचं घट्ट झाकण फिरवताना जबडा आवळला जातो, तसंच हे. पण आवळलेला जबडा किंवा मूठ चाकाला इंचभरही पुढे नेत नाही. ते स्नायू प्राणवायू मात्र खातात, आणि चढावर त्याचीच ओढाताण असते. शिवाय खांदे वर ओढून धरले की श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो आणि उथळ होतो. कोपरं मोकळी ठेवून पोटापर्यंत श्वास घेतला, की फुप्फुसांना पसरायला जागा मिळते.

म्हणजे सगळं अंग सैल सोडायचं का? तसंही नाही. पाय खाली रेटतो तेव्हा त्याला मागून आधार लागतो, आणि तो कंबर, पाठ आणि पोटाचे स्नायू देतात. इथे ढिलाई आली की कंबर सीटवर डावी-उजवीकडे डुलते आणि जोराचा काही भाग त्यातच वाया जातो. सीट फार उंच असली तरी हेच होतं, म्हणून पायडल तळाशी असताना गुडघा थोडा वाकलेला राहील एवढीच उंची ठेवावी. धड पक्कं आणि हात मोकळे आहेत का, याची परीक्षा सोपी आहे: अंगठा हँडलखाली ठेवून बाकीची बोटं हलवून पाहा. हलत नसतील, तर शरीराचा भार हातांवर आलाय.

पायडलचा फेरा घड्याळाच्या तबकडीसारखा मोजला, तर खरा जोर एक ते पाचच्या दरम्यान लागतो, सर्वांत जास्त तीनच्या आसपास. वर येणाऱ्या पायाने पायडल ओढायची गरज नाही. त्याचं ओझं दुसऱ्या पायावर पडू नये, एवढं पुरे. गियरही वेळेवर हलका करावा. मिनिटाला 60 ऐवजी 80 फेरे मारले, तर त्याच वेगासाठी दर फेऱ्याला लागणारा जोर पाव हिश्श्याने कमी होतो. जोर कमी लागला की मुठीही आपोआप सुटतात.

तीव्र वळणावर उभं राहावं लागतं. त्याआधी गियर एकाने जड करावा, कारण आता शरीराचं वजनच पायडल दाबणार असतं. पाय खाली जात असतानाच उठावं. नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याचं चाक धडकतं. उजवा पाय दाबताना उजव्या हाताने हँडल हलकेच वर ओढलं, की सायकल डावीकडे कलते आणि धड सरळ राहतं. उभं राहून मारताना दम लवकर लागतो, म्हणून हे थोड्या अंतरापुरतंच.

उतारावरही सूत्र तेच. भार पायांवर घ्यावा, कोपरं वाकलेली ठेवावीत, ब्रेक वळणाआधी लावावा आणि वळणात बाहेरच्या बाजूचं पायडल खाली असावं. ताठ कोपरांतून खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट मानेपर्यंत जातो आणि हँडलही झटके खातं.

सराव करताना किलोमीटरचा दगड दिसला की वरून खाली तपासत यावं: जबडा, खांदे, कोपरं, मुठी. मग एक लांब उच्छ्वास सोडावा. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहातातली नस दबतेय. लगेच पकड बदलावी. शेवटच्या चढावर दगडाची वाट पाहू नये. ताण तिथेच सर्वांत लवकर परत येतो, म्हणून तिथे दर वळणाला तपासावं.