नावात ओढणं, कामात ढकलणं: टोबोटची गोष्ट

आज आपण जाणार आहोत अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, पण या बोटींची जोडणी बघितली आणि फॅनच झालो.

सुरुवात बार्जपासून. पणजीला मांडवीत खनिज नेणारी बार्ज पाहिली असेल, तर तिला स्वतःचं इंजिन असतं. मिसिसिपीवरच्या या बार्जला ते नसतं. सपाट तळाची पोलादी पेटीच ती! साधारण 195 फूट लांब, 35 फूट रुंद, पोटात सुमारे दीड हजार टन मका किंवा कोळसा. एक टोक खालून तिरपं असेल तर रेक बार्ज. दोन्ही टोकं चौकोनी असतील तर बॉक्स बार्ज. रेकचं तिरपं टोक पुढे ठेवतात, म्हणजे पाण्याचा अडथळा कमी होतो.

अशा 15 बार्ज, तीन रांगांत पाच-पाच, एकत्र बांधल्या की त्या ताफ्याला म्हणतात टो. आणि टोबोट? इंग्रजीत टो म्हणजे ओढणं, पण ही बोट मागून ढकलते. का? दोरीने ओढलेली बार्ज प्रवाहात भरकटते, आणि पुढची बोट थांबली तरी मागून येतच राहते. ढकलताना सगळं मिळून एकच जहाज होतं. म्हणून टोबोटचं नाक सपाट असतं आणि त्यावर दोन उभे भक्कम खांब: पुश नी, म्हणजे ढकलणारे गुडघे.

आता माझा आवडता भाग. पंखा उलटा फिरवला की पाणी पुढे फेकलं जातं, मग मागचं सुकाणू नीट काम करत नाही. म्हणून पंख्याच्या पुढेही सुकाणू बसवतात. ते फ्लँकिंग रडर.

पण हे सगळं उभं आहे पोलादी वायर आणि त्या आवळणाऱ्या रॅचेटवर. हे काम डेकहँडचं. ताणलेली वायर तुटली तर चाबकासारखी उसळते, जीवही जाऊ शकतो. म्हणून तिच्या रेषेत उभं राहायचं नाही.

खरी परीक्षा लॉकमध्ये. लॉक म्हणजे बोटींना वरखाली नेणारा पाण्याचा हौद. त्याची रुंदी 110 फूट, टोची 105. दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच फूट! पायलट जवळपास हजार फूट मागे. त्याला पुढचा कोपरा नीट दिसत नाही. पुढे उभा डेकहँड रेडिओवर अंतर सांगत राहतो, आणि पायलट त्या आवाजावर हजारो टन पुढे सरकवतो. तिथे शब्द नेमकाच हवा.