आवरण उतरण्याची वेळ

पेशीत तयार झालेले प्रथिन बाहेर कसे पडते, याचे शालेय पुस्तकांतले चित्र ओळखीचे आहे. आंतर्द्रव्यजालिकेतून पीटिका निघतात, गॉल्गी संकुलाच्या एका बाजूला मिळतात, प्रथिन कुंडामागून कुंड पुढे सरकते आणि दुसऱ्या बाजूने नव्या पीटिकेत बसून मुक्कामी जाते. या चित्रात पीटिका आपोआप सुटतात आणि आपोआप चिकटतात. त्यांना सोडणारी आणि थांबवणारी प्रथिने त्यात दिसत नाहीत, आणि गेली चाळीसेक वर्षे संशोधन चालले आहे ते नेमके त्यांच्याबद्दल. त्या संशोधनाचे वर्णन करतानाही मान मिळतो तो पीटिका घडवणाऱ्या प्रथिनांना. पुरावा नीट लावून पाहिला तर मला वाटते, या वाहतुकीवरचा खरा ताबा पीटिकेभोवती घडवलेले आवरण वेळेवर उतरवणाऱ्या प्रथिनांकडे आहे.

गॉल्गीच्या कुंडांवरून सुटणाऱ्या अनेक पीटिकांवर कॉप-1 नावाचे आवरण असते. त्याला बोलावणारे आर्फ-1 हे प्रथिन जेमतेम 180 अमिनो आम्लांचे. जीडीपी हा लहान रेणू धरून असते तेव्हा ते पेशीद्रव्यात मोकळे फिरते. कुंडाच्या पटलावर दुसरे एक प्रथिन त्याचा जीडीपी सोडवते, रिकाम्या जागी एक फॉस्फेट जास्त असलेला जीटीपी बसतो, आणि आर्फच्या टोकाची छोटी मळसूत्री पट्टी बाहेर येऊन पटलात रुतते. मग सात घटकांचा कोटोमर संच एकगठ्ठा येऊन आर्फला धरतो, माल गोळा करतो, पटलाला बाक देतो आणि एक मीटरच्या कोट्यंशाहूनही लहान व्यासाचा गोळा सुटतो. बुरशीपासून मिळणारे ब्रेफेल्डिन-ए हे रसायन नेमकी ही अदलाबदल अडवते. काही मिनिटांत कोटोमर गळून पडतो आणि गॉल्गीतली बरीच विकरे आंतर्द्रव्यजालिकेत मिसळतात. रसायन धुऊन टाकले की गॉल्गी पुन्हा उभे राहते. एवढेच पाहिले तर आवरण चढवणे हेच सर्वस्व वाटेल.

पण उलटा प्रयोगही झालेला आहे, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. 1980च्या दशकात जेम्स रॉथमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी फोडून वेगळे केलेले गॉल्गी परीक्षानळीत कामाला लावले होते. त्यात जीटीपीऐवजी त्याचे न तुटणारे प्रतिरूप घातले, तेव्हा पीटिका तयार झाल्या, साचल्याही. मात्र अंगावरचे आवरण उतरेना आणि पुढच्या कुंडाशी त्या एकरूप होईनात. स्लॅबचे सेंटरिंग लवकर काढले तर स्लॅब कोसळतो आणि काढलेच नाही तर खोली वापरता येत नाही, तसे हे आहे. आर्फमधला जीटीपी तुटायला आर्फगॅप हे मदतनीस प्रथिन लागते. 2003 साली फ्रान्समधल्या ब्रुनो अँटोनी यांच्या गटाने दाखवले की आर्फगॅप-1 पटलाचा बाक ओळखते: सपाट पटलावर ते मंद असते, पटल पीटिकेइतके वाकले की त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे गोळा आकाराला येत असतानाच त्याचे आवरण उतरवण्याची सोय होत असते. आर्फ जीटीपीवर अडकवून ठेवले तर पीटिका बनतात, पण त्यांत माल कमी भरतो, असेही प्रयोगांत आढळले. तेव्हा जीटीपी तुटण्याचा संबंध निव्वळ सुटकेशी नाही, मालाच्या निवडीशीही आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की परीक्षानळीतला पुरावाच संदिग्ध आहे. त्या प्रयोगात प्रथिनाला साखर जोडली गेली की प्रथिन एका गॉल्गीतून दुसऱ्यात गेले असे धरत. पण साखर जोडणारे विकरच उलट दिशेने आले असेल तर? ही शंका रास्त होती. 2006 साली शिकागो आणि जपानमधल्या दोन गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकेक कुंड रंगीत प्रथिनांनी खुणावून पाहिले, तेव्हा कुंडच आपली ओळख बदलत परिपक्व होताना दिसले. मग मालाची ने-आण पीटिका करतात हे जुने मत ढिले पडते. माझ्या प्रतिपादनाला मात्र त्याने बळच येते, कारण कुंड प्रौढ व्हायचे तर जुनी विकरे मागे पाठवावी लागतात आणि ते काम कॉप-1 पीटिकांचे मानले जाते. खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2014 साली दाखवले की यीस्टमधले आर्फ कमी केले तर सुरुवातीची कुंडे सावकाश प्रौढ होतात, आणि एकूण कुंडे संख्येने घटून आकाराने वाढतात. शिवाय पीटिका एकरूप होण्यासाठी लागणारे, परीक्षानळीत सापडलेले एनएसएफ हे प्रथिन आणि रँडी शेकमन यांनी यीस्टमध्ये शोधलेल्या सेक-18 जनुकाचे प्रथिन एकच निघाले. दोन अगदी वेगळ्या वाटांनी हाती आलेली गोष्ट नळीतला भास म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा आक्षेप पत्त्याचा. पीटिका कुठे जाणार हे गॉल्जिन नावाची लांब प्रथिने ठरवतात; केंब्रिजमध्ये 2014 साली ती मुद्दाम तंतुकणिकांवर नेऊन बसवली तेव्हा पीटिका तिकडे जाऊन अडकल्या. हे मान्यच आहे. पीटिकेला पकडणारी काही प्रथिने तर आवरणालाच धरतात, म्हणजे पीटिका सुटताक्षणी आवरण उतरलेलेही चालत नाही. पण पकडणे वेगळे आणि दोन पटले एक होणे वेगळे. मध्ये आवरण असेपर्यंत दोन पटले एकत्र आणणाऱ्या स्नेअर प्रथिनांना एकमेकांत गुंफता येत नाही.

वेळेवर म्हणजे नेहमी लवकर असे नाही; उशिराचे मोल कळते ते कोलॅजेनपाशी. प्रोकोलॅजेनची ताठ काडी सुमारे 300 नॅनोमीटर लांब, आणि आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गीकडे निघणाऱ्या, कॉप-2 हे आवरण असलेल्या पीटिका बहुधा 100 नॅनोमीटरच्या आत. विवेक मल्होत्रा यांच्या गटाने शोधलेले टँगो-1 हे प्रथिन एका टोकाने कोलॅजेनच्या बाजूने काम करते आणि दुसऱ्या टोकाने कॉप-2च्या आतल्या थराला धरते. त्यामुळे बाहेरचा थर येणे लांबते, कॉप-2ला बोलावणाऱ्या सार-1 या प्रथिनातला जीटीपी तुटणे लांबते आणि पटलाला वाढायला अवधी मिळतो, अशी त्यामागची मांडणी आहे. टँगो-1 नसलेल्या उंदरांच्या पिल्लांत कोलॅजेन पेशींतच अडकून राहते, कूर्चा आणि हाडे नीट घडत नाहीत, आणि पिल्ले जन्मतःच दगावतात.