वर्गातली थट्टा आणि दिव्यांग विद्यार्थ्याचा हक्क

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात आहे. शिक्षक तिचा अर्थ सांगत असताना पायाने अधू असलेला एखादा विद्यार्थी वर्गात असेल, तर साऱ्या माना कोणीकडे वळतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. मधल्या सुट्टीपर्यंत ती म्हण त्याचे नाव झालेली असते. घरच्यांनी तक्रार केलीच तर उत्तर ठरलेले : मुले आहेत, थट्टा करणारच.

कायदा या थट्टेकडे इतक्या सहजपणे पाहत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. मग वर्गमित्रावर हे कलम लावावे काय? घाई नको. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, सात ते बारा वयात त्याची समज तपासली जाते आणि अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात. शिवाय ज्याच्यामुळे शाळेत पोलीस आले, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बोलणार कोण?

पालकांच्या अधिक उपयोगाचे आहे ते कलम १६. सरकारमान्य वा अनुदानित शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व आवार त्याला वापरता येण्याजोगे करावे आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीचीही समान संधी द्यावी, असे ते सांगते. खेळाचा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कवायतीच्या तासाला सारा वर्ग मैदानावर जातो आणि एकाला दप्तरे राखायला मागे बसवले जाते. यात शिक्षकांचा हेतू बहुधा काळजीचाच असतो. पण हा आपल्यातला नव्हे, हे मुलांना त्याच तासाला कळते. नावे ठेवणे त्यानंतर सुरू होते. शिक्षकच चिडवत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार तो मानसिक छळ ठरतो व शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

‘त्याला विशेष शाळेत घाला,’ असा सल्लाही अशा वेळी मिळतो. कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा शेजारची की विशेष, ही निवड त्याची. ती मुख्याध्यापकांची नव्हे.

वृत्तपत्राच्या टेबलावर आम्ही ‘अपंग’ खोडून ‘दिव्यांग’ लिहितो. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये दिव्यांगांना हिणवणाऱ्या शब्दांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट भरला, तेव्हा गोव्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मधल्या सुट्टीतला शब्द मात्र अद्याप जुनाच आहे.

तक्रार प्रथम मुख्याध्यापकांकडे लेखी करावी. दिनांक, जागा, उच्चारलेले नेमके शब्द आणि कोणत्या शिक्षकांना आधी सांगितले होते, हे त्यात असावे. पोच घ्यावी. दखल न घेतल्यास शिक्षण खाते आणि राज्य दिव्यांगजन आयुक्त यांच्याकडे जाता येते; आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मारहाण किंवा छळ होत असेल, तर कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कोणीही कळवू शकतो. त्यासाठी पालकच असावे लागते असे नाही.