सुट्टी बँकेला, जहाजाला नाही

मौदा हे कन्हान नदीच्या काठचे, नागपूर-भंडारा मार्गावरील गाव. भोवताली धानाची शेती. समुद्र मात्र सुमारे आठशे किलोमीटर दूर. येथून तांदळाचा कंटेनर न्हावाशेवामार्गे परदेशी धाडावयाचा, तर एकाच पंचांगावर भागत नाही. गावाचे, बँकेचे आणि ग्राहकाच्या देशाचे अशी तीन पंचांगे एकत्र मांडावी लागतात.

गावाचे पंचांग प्रथम पाहू. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत. त्या दिवसांत हमाल मिळणे कठीण. त्याच सुमारास श्वेतांबरांचे पर्युषण असते, आणि लगेच पुढे अनंत चतुर्दशीपर्यंत दिगंबरांचे दशलक्षण पर्व. पेढीवरील माणसे आणि गोदामातील हात असे दोन्ही एकाच पंधरवड्यात उणे पडतात.

आता बँकेचे व ग्राहकाचे. १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्या बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. सौदी अरेबियात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आपली रविवारची. गुरुवारी सायंकाळी कागदपत्रांत शंका निघाली, तर उत्तर सोमवारीच. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला असून शुक्रवारी तेथील सरकारी कामकाज अर्धा दिवस चालते. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येते. तेव्हा तेथील कारखाने थांबतात, जहाज कंपन्या काही फेऱ्या रद्द करतात आणि त्याची झळ अन्य मार्गांनाही लागते.

सुट्टी आली म्हणजे मुदत वाढते, हा समज मात्र घातक आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानुसार वचनचिठ्ठीची वा हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असल्यास रक्कम आदल्या कामाच्या दिवशी देय होते. पतपत्राच्या व्यवहारात, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, उलट आहे. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० नियमावलीच्या २९ व्या कलमानुसार, बँक नेहमीच्या सुट्टीमुळे बंद असल्यास कागदपत्रे सादर करण्याची अखेरची मुदत पुढील कामाच्या दिवसापर्यंत सरकते. पण माल जहाजावर चढविण्याची अंतिम तारीख मुळीच सरकत नाही, असे तेच कलम स्पष्ट सांगते.

ती तारीख एका दिवसाने जरी हुकली, तरी बँक कागदपत्रे नाकारू शकते. माल समुद्रावर आणि भांडवल अडकलेले, अशी अवस्था होते. अशा वेळी बिल ऑफ लेडिंगवर मागची तारीख घालून घेण्याचा मोह होतो. ती कागदोपत्री फसवणूक तर आहेच. शिवाय सत्याणुव्रत पाळू पाहणाऱ्या पेढीची पिढ्यांची पत एका खोट्या तारखेत जाते.

उपाय साधा आहे. मोजणी जहाजाच्या तारखेपासून मागे करावी: बंदराची माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, नागपूरहून प्रवासाचे दिवस, भरणीचा दिवस आणि मधल्या साऱ्या सुट्ट्या. एवढे करूनही मुदत अपुरी वाटली, तर सौदा करतानाच वाढीव तारीख मागावी. पतपत्र निघाल्यानंतर बदल हवा असेल, तर तो ग्राहकाकडून व बँकेकडून वेळीच लेखी करून घ्यावा. असे केले, तर संवत्सरीला पेढीचे दार निश्चिंत मनाने लावता येते.