अम्मीचा राहिलेला रोजा

“विमानात रोजा सोडायचा तो आपल्या सोलापूरच्या वेळेवर, की तिकडच्या?” जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी अम्मीला विचारले. २०२५ च्या मार्चमधल्या रमजानमध्ये अम्मी उमराहसाठी निघाली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मलाही नीट ठाऊक नव्हते. मग माहिती घेतली.

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानाला पाच-सव्वापाच तास लागतात. १९९५ पर्यंत मुंबईचे हजयात्री बोटीनेही जेद्दाला जात. त्या प्रवासात कित्येक दिवस मोडत. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. विमान पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य जातो त्याच दिशेला जाते. त्यामुळे दिवस लांबतो आणि सोलापुरातला सव्वातेरा तासांचा रोजा साडेपंधरा तासांवर जातो. परतीच्या प्रवासात उलटे होते.

रोजा घड्याळावर सुटत नाही; आपण असू तिथे सूर्य मावळल्यावर सुटतो. खालच्या शहरात मगरिबची अजान झाली, तरी विमानाच्या खिडकीतून सूर्य दिसत असेल तर थांबावे लागते. ३५,००० फुटांवर तो जमिनीपेक्षा दहा-पंधरा मिनिटे उशिरा मावळतो. दुबईच्या बुर्ज खलिफा इमारतीत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी दोन-तीन मिनिटे थांबून रोजा सोडावा, असे तिथल्या धर्मपंडितांनी २०११ मध्ये सांगितले होते, ते याच कारणाने.

काकूंना हे लगेच पटले. “आमच्या संकष्टीसारखंच की! चंद्रोदय सोलापूरचा वेगळा, मुंबईचा वेगळा.” अगदी तसेच. सोलापूर आणि मुंबईच्या सूर्यास्तातही बारा-एक मिनिटांचा फरक असतोच.

प्रवाशाला रोजा न ठेवण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. राहिलेला रोजा नंतर पूर्ण करायचा. अम्मीचे वय अडुसष्ट. मी तिला पुन्हा पुन्हा सांगितले. “बघू,” एवढेच ती म्हणाली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये पहाटे तिने सहेरी केली आणि दुपारी तीनच्या विमानात रोज्यानेच बसली.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीच्या वेळी इफ्तारला बसलो. खजूर हातात होता, पण घशाखाली उतरेना. अम्मी आकाशात होती आणि तिच्यासमोर ऊन होते.

रात्री नऊनंतर तिचा फोन आला. “सुटला का रोजा?” मी विचारले.

“मध्येच चक्कर आली रे. पाणी प्यायले. ज्याने सवलत दिली, त्याला म्हाताऱ्या माणसाचा प्रवास ठाऊक असेलच ना?”

अम्मीने आयुष्यात विनाकारण रोजा सोडलेला मला आठवत नाही. तरी तिच्या आवाजात अपराधीपणा नव्हता. मलाच उगाच दडपण आले होते.

ईद झाल्यावर एप्रिलच्या उन्हात अम्मीने तो एक रोजा जुळे सोलापुरातच पूर्ण केला. घरात बाकी कुणाचा रोजा नव्हता. संध्याकाळी काकू कलिंगडाच्या फोडी घेऊन आल्या आणि अजान होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.