धावणारीचे रक्तही मोजा

समजा, भामरागडच्या एका आश्रमशाळेतील मुलगी ८०० मीटर धावते. गेल्या वर्षी ती पहिली आली. यंदा मात्र दुसऱ्याच फेरीत तिला धाप लागते. ‘आळशी झाली’ असे कोणी म्हणेल. आपण तसे न म्हणता मोजून पाहू.

स्नायूंना प्राणवायू पोचवते ते रक्तातील हिमोग्लोबिन. ते तयार व्हायला लोह लागते. मुलींचे लोह वाढीत खर्च होते, मासिक पाळीत जाते. खूप धावणारीचे घामातूनही थोडे जाते.

हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषते. म्हणून विशिष्ट द्रावणात मिसळलेल्या रक्तातून हिरवा प्रकाश सोडतात आणि किती अडला ते मोजतात. बारा वर्षांवरील मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर तो रक्तक्षय.

पण आज भात शिजला म्हणून कणगीत धान असेलच असे नाही! शरीरातील लोहाची कणगी म्हणजे फेरिटिन. आधी ती रिकामी होते, हिमोग्लोबिन मागाहून घसरते. म्हणून खेळाडूचे फेरिटिनही तपासावे. मात्र तापात नव्हे, कारण तेव्हा ते फसवे वाढलेले दिसते.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यातही दम लागतोच, पण कारण वेगळे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, आणि अतिश्रम व पाण्याची कमतरता धोक्याची ठरते. याची पहिली चाचणीही प्रकाशाचीच: द्रावण गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर संशय घ्यावा. मग विद्युत्क्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे ठरवतात.

कमतरता लोहाचीच ठरली, तर डॉक्टर गोळ्या देतात. महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा मोजावे. ते पुरेसे झाले तरी कणगी भरेपर्यंत, सुमारे तीन महिने, गोळ्या चालू ठेवतात. शाळेत आठवड्याला मिळणारी ६० मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी प्रतिबंधासाठी आहे. तेवढ्याने उपचार होत नाही. जेवणात डाळ, पालेभाजी, मासे असावेत. सोबत आवळा किंवा लिंबू घ्यावे. चहा मात्र जेवणानंतर लगेच नको. तो लोह शोषू देत नाही.

धावण्याची वेळ आपण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. मग धावणारीचे रक्त वर्षातून एकदा तरी मोजायला नको का?