घरचा सिलिकॉन साचा सुधारायचाय? आधी कोणतं सिलिकॉन कोणाशी जमतं ते बघा

मागच्या दिवाळीआधी मी मेणाच्या पणत्यांसाठी घरीच एक सिलिकॉन साचा बनवला होता. पाच-सहा वेळा वापरला आणि काठाजवळ फाटला. कपाटात दुसरं, जरा महागातलं सिलिकॉन शिल्लक होतं. म्हटलं, हेही सिलिकॉन, तेही सिलिकॉन, फटीत भरून टाकू. दोन दिवसांनी हात लावला तर फटीतला माल मधासारखा चिकट. गंमत म्हणजे कपात उरलेलं तेच सिलिकॉन छान रबर झालं होतं. म्हणजे माल खराब नव्हता, जोडी चुकली होती.

तुमची अशी फसगत होऊ नये म्हणून थोडं मुळापासून बघूया.

सिलिकॉनचे तीन प्रकार

१. टिनवालं: हे सहसा दोन भागांत येतं, एक घट्ट पांढरा द्रव आणि एक छोटी बाटली कॅटलिस्टची. कॅटलिस्ट साधारण २ ते ५ टक्के, वजनावर. स्वस्त आहे, फारसे नखरे नाहीत. पण सेट होताना त्यातून अल्कोहोल उडून जातं, त्यामुळे साचा किंचित आकसतो.

२. प्लॅटिनमवालं: बहुतेक वेळा ए आणि बी असे समान भाग. जवळजवळ आकसत नाही, जास्त टिकतं. किंमतही जास्त.

३. सीलंट: बाथरूमच्या फटी भरायला हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती ट्यूब. व्हिनेगरसारखा वास आला तर ती अॅसिटिक प्रकारची. हे हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सेट होतं, दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर. म्हणून जाड थर दिला तर आत बरेच दिवस कच्चं राहतं.

माझं काय चुकलं?

माझा साचा टिनवाला होता आणि वरून ओतलं ते प्लॅटिनमवालं. प्लॅटिनम कॅटलिस्टला टिन, गंधक आणि अमाइन चालत नाहीत. यातलं काही संपर्कात आलं की कॅटलिस्टचं काम थांबतं आणि सिलिकॉन कच्चंच राहतं. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले आणि लॅटेक्सचे हातमोजे यांचाही हाच त्रास होतो. म्हणून नायट्राइलचे किंवा व्हिनाइलचे हातमोजे घ्या.

मग जोडायचं काय कशाला?

- टिनच्या साच्यावर टिन: चालतं, चांगलं चिकटतं.
- प्लॅटिनमवर प्लॅटिनम: चालतं.
- टिनच्या साच्यावर प्लॅटिनम: नाही!
- फाटलेल्या साच्याला सीलंट: पातळ थर दिला तर चालतं. मी शेवटी चिकट माल खरवडून, पुसून हेच केलं.
- सीलंट लावलेल्या जागेवर प्लॅटिनम: टाळा, बऱ्याच सीलंटमध्येही टिन असतं.

सिलिकॉनला सिलिकॉन घट्ट चिकटतं हे दुरुस्तीला बरं. पण दोन भागांचा साचा करताना तेच अंगावर येतं. तिथे मधे व्हॅसलिनचा पातळ हात द्या, नाहीतर दोन्ही भाग एक होऊन बसतील.

मऊ किंवा कडक करायचंय?

सिलिकॉनचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. १० म्हणजे मऊ, ३० म्हणजे बऱ्यापैकी टणक. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे दोन ग्रेड मिसळले तर मधला कडकपणा मिळतो. दोन्ही आधी आपापल्या कॅटलिस्टबरोबर वेगवेगळे मिसळायचे, मग एकत्र करायचे. सिलिकॉन ऑइल घालूनही मऊपणा येतो, पण ५ टक्क्यांच्या आतच थांबा. जास्त झालं तर तेल पाझरतं आणि साचा लवकर फाटतो.

सीलंट आणि कॉर्नफ्लोअरची युक्ती

अॅसिटिक सीलंटमध्ये अंदाजे तेवढंच कॉर्नफ्लोअर मळलं तर पिठातला ओलावा आतपर्यंत पोचतो आणि गोळा काही मिनिटांतच सेट होऊ लागतो. बारीक नक्षी यात नीट उतरत नाही. म्हणून मी नक्षीसाठी आत टिनवाल्या सिलिकॉनचा पातळ थर देतो, तो सेट झाला की बाहेरून हा गोळा थापतो. महाग माल कमी लागतो आणि साचा वाकत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास डोळ्यांना झोंबतो. मूळ वस्तू लोखंडाची किंवा तांब्याची असेल तर नको, त्या अॅसिडने गंज चढतो.

मोदकाचा साचा? इथे थांबा

पणत्या बघून वहिनी म्हणाली, "भाऊजी, चॉकलेट मोदकांसाठी एक करून द्या की." मी सरळ नाही म्हटलं. टिनवालं सिलिकॉन आणि सीलंट, दोन्ही खाण्याच्या वस्तूंसाठी नाहीत. त्यासाठी डब्यावर फूड ग्रेड लिहिलेलं प्लॅटिनम सिलिकॉनच हवं, तेही काहीही भेसळ न करता. त्यात तेल, रंग किंवा दुसरं सिलिकॉन घातलं की त्या छापाला काही अर्थ उरत नाही. घरात पडून असलेला साचा कुठल्या जातीचा हे आठवत नसेल, तर तो मेणासाठी आणि पीओपीसाठीच ठेवा.

शेवटी एकच सवय लावून घ्या. साच्याच्या मागच्या बाजूला अर्धा चमचा नवा माल लावा आणि २४ तास थांबा. कोरडा आणि घट्ट झाला तर पुढे जा, चिकट राहिला तर नुकसान अर्ध्या चमच्याचंच. आणि साच्याच्या पाठीवर सिलिकॉनची जात आणि तारीख कोरून ठेवा. मी आता ठेवतो.